आतोबांचा लाकडी हात

जागचं न हलता सगळं घर हलवणारा माणूस बीड जिल्ह्यात एकच झाला, तो म्हणजे आमचे आतोबा, माझ्या थोरल्या आत्याचे मालक. परळीला वीज केंद्रात त्यांनी उभी हयात क्रेन चालवली. वर बसून दांडा ओढायचा, काम खाली कुठंतरी लांब व्हायचं. निवृत्त होऊन गावी आले ते हीच खोड घेऊन. बाजेवर बसले आणि घरभर दोऱ्या बांधल्या. एक ओढली की फाटकाची कडी निघे, दुसरी ओढली की परडीतून चहा येई. एकदा चहाऐवजी मांजर आलं. आत्या म्हणाली, "उठला आसता तर पाय झिजले आसते का?" आतोबा म्हणाले, "उठायचंच आसतं तर दोरी कावून बांधली आसती?"

पुढं जवळच्या सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीचं मशीन आलं. मशीन आमच्याकडं, ते बघणारा डॉक्टर बीडला आणि खोलीची किल्ली डॉक्टरकडं. 'दर गुरुवारी' अशी पाटी होती. गुरुवार यायचा, डॉक्टर नाही. आतोबा ओरडायचे, "मशीन हितं, फोनची तार हितं, मग पोटुशी बाई यष्टीत कावून कोंबता बे? डागदराचा डोळा आन् हात तारंवरून हिकडं आना की!" लोक हसायचे. मीही हसायचो, घराण्यातला पहिला बी.एस्सी. ना मी! आतोबांनी सायकलच्या तारा आणि टेपरेकॉर्डरची मोटार जोडून एक लाकडी हात केला. दांडा ओसरीवर, हात आतल्या खोलीत आणि पोट माझं. पहिल्या दिवशी त्या हातानं मला बाजेखाली पाडलं. चौथ्या दिवशी माझ्या पोटावर ठेवलेलं अंडं न फोडता बेंबीभोवती फिरवलं. तेव्हा माझं हसू थांबलं. असा हात दवाखान्यात बसवा, म्हणून मी आरोग्य खात्याला सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. उत्तर आलं, 'अर्ज पुढे पाठवला आहे.' कुठं पुढं, ते अजून कळलेलं नाही.

त्या वर्षी त्यांची सून सातव्या महिन्यात होती. खंडेनवमीला, हत्यारं पुजायच्या दिवशी, खोली उघडलीय असं कळलं आणि आतोबा चक्क बाजेवरून उठले. सुनेला घेऊन आम्ही गेलो. मशीनला झेंडूचा हार, कुंकू, पुढं फोडलेला नारळ. किल्ली पूजेपुरती आलती.

"सिस्टर, लावा मशीन."

"डॉक्टरांशिवाय हात लावता येत नाही, बाबा."

"कुकू लावता येतंय?"

सिस्टरनं खाली बघत पेढा पुढं केला.

दोन आठवड्यांनी सुनेचं रक्त जाऊ लागलं. जीपनं बीड गाठेस्तोवर चार तास गेले. तिथल्या मशीननं लगेच सांगितलं, वार खाली, बाळाच्या वाटेवरच आलीय. आधी कळतं तर तिला बीडलाच ठेवली असती. सून वाचली. बाळ नाही. मी शिकलेला माणूस, शिव्या देत नाही; त्या दिवशी दिल्या, आणि एकही परत घेणार नाही.

तोवर मी बीडला खोली घेतली होती; पुढच्या खेपेला सून तीन महिने तिथंच राहिली. नात झाली. खंडेनवमीला आत्यानं घरातल्या हत्यारांसोबत त्या लाकडी हातालाही हार घातला. आतोबा उठले, हार काढला. "जे कामाला आलंच न्हाई, त्याला हार कावून?" तो त्यांनी पाळण्याला बांधला. पाळण्याला लांबून ओढायची दोरी त्यांनी बांधली नव्हती. आतोबा त्याच्याजवळ खाली बसले आणि संध्याकाळपर्यंत हातानंच झोके देत राहिले.