तुंब्यातलं पाणी

देव आहे का, असं कुणी विचारलं तर हल्ली मी लगेच हो म्हणत नाही, आणि नाही म्हणायची छातीही होत नाही. आमचं गाव भद्रावतीजवळ. घरात सगळ्यांची श्रद्धा चंद्रपूरच्या महाकालीवर. पोलिसांच्या जंगलातल्या पथकात माझी निवड झाली तेव्हा आईने अंगाऱ्याची पुडी माझ्या खिशात कोंबली होती. नक्षलवाद्यांशी झालेल्या चकमकीतून मी जिवंत परतलो, तेव्हापासून ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते, माझं पोरगं देवीने राखलं. मी ऐकून घेतो. राखलं हे खरंच आहे. पण मग सुखदेवला का नाही राखलं? त्याच्याही घरी देव होते, आणि तो माझ्यापेक्षा कितीतरी भला माणूस होता.

सुखदेव माझा पथकातला जोडीदार, आलापल्लीच्या पलीकडच्या एका गोंड पाड्यावरचा. जंगलात तो चालला की पान हलायचं नाही. माझा पाय पडला की अर्ध्या रानाला कळायचं. "तू त म्हशीवानी चालतेस बे," असं म्हणून तो हसायचा, आणि मला आपल्यामागून पाय टाकायला लावायचा. लग्न ठरत आलं होतं त्याचं. पोरगी कोण ते मात्र त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही, नुसता लाजायचा.

मोहाची फुलं गळायचे दिवस होते. त्या दिवसांत गावातल्या बाया आपापल्या मोहाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ करतात, म्हणजे पहाटे गळलेली फुलं वेचायला सोपी जातात. आम्ही रात्रभराच्या गस्तीवरून परतत होतो. पायवाटेवर सुरुंगाची भीती, म्हणून वाट सोडलेली, आणि रानात सुकलेली पानं पावलागणिक करकरत होती. मोहाची झाडं लागली तशी आम्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं. जळालेल्या, झाडलेल्या जमिनीवर बुटांचा आवाज होत नव्हता. आम्ही एका मोहाखालून दुसऱ्या मोहाखाली असे खुशाल निघालो. चांगलं उजाडलं होतं. जमिनीवर फुलांचा सडा पडला होता, आणि त्याच्या वासाने माझ्या पोटात भूक उठली होती.

सुखदेव एकाएकी थांबला. वाकून त्याने चार फुलं उचलली, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाला, "इतकं उजाडलं, अन् एकबी बाई नाई. फुलं पडूनच आहेत. काऊन?"

मला त्याचं म्हणणं कळेपर्यंत गोळ्या सुटल्या. बायांना त्या दिवशी तिथे येऊ नका म्हणून कुणीतरी बजावलेलं होतं, हे सगळ्यांनाच नंतर समजलं. माझ्या मांडीत गोळी शिरली आणि मी शेजारच्या कोरड्या नाल्यात कोसळलो. सुखदेव वर काठावरच पडला होता. त्याच्या पोटात लागलं होतं. पथक गोळीबार करत टेकडीच्या अंगाला सरकलं, आवाज दूर गेला, आणि मग मला फक्त सुखदेवचं कण्हणं ऐकू येत होतं. "पानी," एवढंच तो म्हणत होता. माझ्याकडे पाण्याची बाटली होती. मी कोपरांवर सरकायचा प्रयत्न केला, पण पाय ओढला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. आई महाकाली, असं मी म्हणालो. काय मागत होतो ते माझं मलाही कळत नव्हतं.

तेवढ्यात नाल्याच्या वळणावरून एक बाई आली. काखेत टोपली, खांद्याला पाण्याचा तुंबा, वाळक्या भोपळ्याचा असतो तसा. बाकीच्या बाया घरात बसल्या असताना ही एकटीच का आली, मला आजही माहीत नाही. ती आधी सुखदेवजवळ गेली. त्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं आणि तुंबा त्याच्या ओठांना लावला. तो प्यायला. मी खालून स्पष्ट पाहिलं, घोट घोट प्यायला. ती त्याच्याशी गोंडीत बोलत होती, आजारी लेकराशी बोलतात त्या आवाजात. थोड्या वेळाने तिने त्याच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि डोकं हलकेच खाली ठेवलं.

मग ती माझ्याकडे आली. लुगड्याचा काठ फाडून तिने माझी मांडी आवळली, मला बांबूच्या बेटाखाली ओढलं आणि वर पाला लोटला. ती सारखी मागे वळून पाहत होती. देवी असती तर ती घाबरली नसती, असं मला तेव्हाही वाटलं. पाल्याआडून दिसलं, दोघं जण आले, एक मुलगा आणि एक मुलगी. वयं आमच्या पथकातल्या पोरांएवढीच. मुलीने सुखदेवची बंदूक उचलली. मुलाने बाईला काही विचारलं. तिने नाल्याच्या पलीकडे बोट दाखवलं, आणि खाली बसून मोह वेचायला लागली. ते बोट दाखवलेल्या दिशेला निघून गेले. माझे साथीदार मला शोधत आले तेव्हा ती तिथे नव्हती.

जबाबात मी सांगितलं, पट्टी मीच बांधली, कापड नाल्यात सापडलं. पोलिसाला मदत केली एवढ्यावरूनही त्या भागात बाईला खबरी ठरवतात, आणि खबरी ठरलेल्याचं पुढे काय होतं ते मी पाहिलेलं आहे. आईला मात्र दवाखान्यात तो लुगड्याचा काठ दिसला आणि सगळं उमगलं. तिने त्या बाईची ओटी भरायचा नवस बोलून टाकला. मी तिला हात जोडले. म्हटलं, तुझा नवस तिच्या जिवावर बेतेल.

चालता यायला लागल्यावर मी सुखदेवच्या घरी गेलो. आई सोबत होतीच. अंगण माणसांनी भरलेलं. यातलं कोण कुणाला काय सांगेल, याचा भरवसा नव्हता. सुखदेवची आई माझ्यासमोर बसली, माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "दुखते का गा अजून?" मी मान हलवली. तिने इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग सगळ्यांदेखत म्हणाली, "तू होतास ना जवळ. जातानी माह्या पोराच्या तोंडात पानी पडलं का?"

मी हो म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, कुणी पाजलं? मी पाजलं म्हणावं, तर मला हलताही येत नव्हतं हे पथकातून गावभर झालेलं. "मी बेशुद्ध होतो, माय," मी म्हणालो. "मले मालूम नाई."

तिने माझ्या मांडीवरचा हात काढून घेतला. रागाने नव्हे, फक्त काढून घेतला. "अच्छा," म्हणाली, आणि आमच्यासाठी चहा ठेवायला उठली.

तो हात मला अजून आठवतो. एका शब्दाने त्या माउलीचं अर्धं दुःख हलकं झालं असतं, आणि तोच शब्द माझ्या तोंडातून निघू शकला नाही. मला पुन्हा जायचं आहे, तिला एकटीला गाठायचं आहे. पण त्या गावात कुणी एकटं सापडत नाही, आणि आता माझी बदलीही झाली आहे. इथे लिहितानाही मी नावं बदलली आहेत, त्या बाईबद्दलच्या काही गोष्टीही.

आईने शेवटी नवसाची ओटी महाकालीलाच वाहिली. मी मागे उभा होतो. स्वतःसाठी मागण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. जे मिळालं त्याचे आभारसुद्धा जिचे मानायचे तिच्यासमोर मानता येत नाहीत, तर ते तूच पोचव, असं मी मनात म्हणालो. काही ओझी आपल्याने उचलवत नाहीत, ती देवाच्या पायाशी ठेवून द्यावी लागतात, एवढंच मी यातून शिकलो. आणि मग दर खेपेला म्हणतो तेच म्हणालो. आई, सुखदेवच्या मायला स्वप्नात जाऊन सांग, तो तहानलेला नाही गेला.