आरोग्यवाली बाई

आता मी शिकवते. विद्यार्थी दरवर्षी सार्वजनिक आरोग्याची व्याख्या मागतात, चार ओळींत, परीक्षेला येते म्हणून. मी देते. मला स्वतःला मात्र ती येरवड्याच्या एका गल्लीत मिळाली, आणि मिळताना माझं नाक चांगलंच ठेचलं गेलं.

तेव्हा मी तिथल्या एका छोट्या दवाखान्यात नवी डॉक्टर होते. पुण्यात झाडणकामगारांच्या हजेरीच्या जागेला आरोग्य कोठी म्हणतात. त्यामुळे वस्तीत फिरताना ‘आरोग्याकडून आलेय’ म्हटलं की बायका मला थेट तुंबलेल्या गटारापाशी न्यायच्या. मला भयंकर राग यायचा. एवढी वर्षं घासून शिकले ती काय गटारं बघायला? ‘पाणी उकळून प्या’ एवढं सांगून मी पाठ फिरवत असे.

एक विदर्भातली बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला जुलाबासाठी तिसऱ्यांदा घेऊन आली. मुलगी पार सुकली होती. आता पुन्हा झालं तर हिला गावी आजीकडे ठेवायचं, असं नवऱ्याने ठरवून टाकलं होतं. एकुलती एक मुलगी. मी औषध दिलं, पण बाई उठेना.

“मॅडम, तुमी तिले दोनदा बरी केली. मंग थे पुन्हा पुन्हा काहून आजारी पडते?”

मला लाज वाटली. मी तिच्याबरोबर निघाले.

तिच्या नळाचा पाइप गटारातून येत होता. त्या पाइपावरच्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी आजारी होतं. समोरच्या रांगेला पाणी दुसरीकडून यायचं, तिथे सगळे ठणठणीत. मी घरोघर विचारून यादी केली आणि तशीच कोठीवर गेले. मुकादमांनी चष्म्यावरून पाहिलं.

“या डॉक्टरबाई. पाइपाचं आम्ही गेल्या गणपतीपासून वर लिहितोय. आजारी पोरं लिहायला आमच्या रजिस्टरात रकाना नाही.”

मग त्यांचा अर्ज आणि माझी यादी एकाच टाचणीत गेली. मी महापालिकेच्या कचेरीत इतके खेटे घातले की मला पाहून साहेब जेवायला उठायचे. अखेर पाइप गटारातून वर आला. गल्लीतल्या बायकांनी स्वतःहून पाळ्या लावल्या: पहिली बादली हुंगून बघायची, वास आला तर कुणी पाणी भरायचं नाही, आणि कोठीवर निरोप द्यायचा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आरोग्यसंवर्धन म्हणतात ते हेच, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

पुढचा पावसाळा सरल्यावर मी मुद्दाम त्या गल्लीत गेले. मुलगी शाळेत गेली होती, गावी नाही. तिची आई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने मला बसा म्हटलं नाही, नुसती वर पाहून म्हणाली,

“आता कायले आल्या मॅडम? इथं कोनी आजारी नाही.”