बकुळाबाईंचा माळा

बकुळाबाई पाताडे पहाटे चारला उठत. पाणी, भाकऱ्या, मग पायी गिरणी. वाइंडिंग खात्यात त्या तुटलेले धागे सांधत. त्यांच्या हातची गाठ बोटाला लागत नसे. मी त्याच खात्यात यंत्रांना तेल घालत होतो, म्हणून हे ऐकीव नाही.

परळ गावठाणात त्यांचं छोटं कौलारू घर होतं. नवरा कोंडीराम सुतार. घर दोघांच्या पगारातून झालं, पण माळा कोंडीरामने स्वतः घातला, रोज कामावरून आल्यावर. सागाच्या तुळया, वर जाड फळ्या, उभं राहिलं तरी डोकं कौलांना लागू नये एवढी उंची. म्युनिसिपालटीची परवानगी आधी काढली, मगच पहिली तुळई चढवली. पुढे कोंडीराम गेला. परवानगीचा कागद बाईंनी पत्र्याच्या रिकाम्या पिठाच्या डब्यात तळाशी ठेवला. घरात उंदराचं तोंड न लागणारी तेवढीच जागा होती.

छप्पन साली त्याच डब्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची पत्रकं येऊ लागली. बाई ती पदराखाली घेऊन गल्लीगल्लीत पोचवत. एका दुपारी पोलीस घरांची झडती घ्यायला आले. दोन दारं पलीकडे आवाज आला तसा बाईंनी अख्खा डबा चुलीत उपडा केला आणि वर पेजेचं पातेलं चढवलं.

"एवढा धूर कसला?" शिपायाने विचारलं.

"लाकडं ओली आहेत. सुकी आणून देताय का?"

शिपाई खोकत बाहेर पडला. पत्रकं जळाली. तळाचा कागदही जळाला, पण तेव्हा तो कोणाला आठवला नाही.

साठ साल उजाडलं. खात्यात नवी यंत्रं येणार, बायका कमी होणार, हे उघड झालं. बकुळाबाईंनी रडगाणं गायलं नाही. दादरला एक गाळा बघितला, मागे राहायला खोली असलेला. तिथे पिठाची चक्की घालायची. त्यासाठी परळचं घर विकायचं. गाळ्याचा मालक एप्रिलअखेरपर्यंत थांबायला तयार होता. पुढे दुसरं गिऱ्हाईक उभं होतं.

"आता मालकीण होतलंस काय गो?" शेजारच्या गंगुबाईंनी टोमणा मारला.

"होणार. तुझं दळण उधारीत नाही, आत्ताच सांगते."

घराला गिऱ्हाईक मिळालं ते ठाकूरद्वारचे सीतारामपंत, भांड्यांचे दुकानदार. भाव ठरला. मग त्यांच्या वकिलाने माळ्याची परवानगी मागितली. बाईंनी डबा काढला, झाकण उघडलं. तळ रिकामा. पेज आठवली.

सीतारामपंत वाईट माणूस नव्हता, पण व्यापारी होता. "बाई, माळा पाडून घर द्या. नाहीतर माळा नाही असं धरून भाव करू."

"माळा आहे. मान वर करून बघा."

उतरलेल्या भावात गाळा बसत नव्हता. गल्लीतल्या राजारामने वाट सुचवली. जुन्या तारखेचा कागद करून देणारा एक माणूस त्याच्या माहितीतला होता.

"खरा कागद जाळला तो एका कामासाठी," बाई म्हणाल्या. "खोटा कशासाठी करू?"

त्या थेट म्युनिसिपालटीच्या कचेरीत गेल्या. मी बरोबर होतो. कारकुनाने विचारलं, "परवानगीचा क्रमांक सांगा, नक्कल काढून देतो."

"क्रमांक कागदावर होता."

"आणि कागद?"

"पेजेखाली."

सगळं ऐकून कारकून हसला, पण कामाचं बोलला. नवा नकाशा काढून अर्ज करा. ओव्हरसियर येऊन बघेल. तुळया भिंतीत कशा टेकल्यात ते उघडं करून दाखवावं लागेल. काम पक्कं असेल तर नवी मंजुरी मिळेल.

रविवारी बाईंनी छिन्नी-हातोडी घेऊन गिलावा स्वतः काढला. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "तुमचा घाव जड. तुळईला लागता कामा नये." दिवस मावळेपर्यंत त्या खांद्याइतक्या उंच स्टुलावर उभ्या होत्या.

ओव्हरसियर आला तो तरुण, पण घाईचा नव्हता. त्याने प्रत्येक तुळईचं टोक पाहिलं. डांबर लावलेलं, खाली सपाट दगड बसवलेला, वाळवीचा मागमूस नाही. मान डोलावली. मग म्हणाला, "टोकं उत्तम. पण मधे झोल येतो की नाही ते भार टाकून बघावं लागेल. वाळूच्या गोणी आणा."

"गोणी कशाला? बायका आणते."

"बाई, गोणी गप्प बसतात."

"मग बायकांचीच परीक्षा कडक."

पहिली पाळी सुटायची वेळ होती. वाइंडिंगच्या बायका गिरणीच्या दारातून तशाच आल्या, केसांत कापूस घेऊन. गंगुबाई सगळ्यांत पुढे. ओव्हरसियरने मधल्या तुळईखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सूत ताणून बांधायला सांगितलं. सूत आणि तुळई यांत करंगळी जाईल एवढी फट ठेवली. तुळई वाकली तर सुताला टेकणार. सूत बकुळाबाईंनी बांधलं. त्यांची गाठ कोणी तपासली नाही.

"एकेक करून चढा. मी थांबा म्हटलं की थांबायचं."

बायका चढल्या. आधी नुसत्या उभ्या राहिल्या. सूत मोकळं. ओव्हरसियर म्हणाला, "जरा हला."

"हलायचं कसं, साहेब? गौरीत हलतो तसं?" गंगुबाईंनी वरून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फुगडी धरली. मग झिम्मा. फळ्या धडधडू लागल्या. कोंडीरामच्या सांध्यांतून धूळ पडली, कुरकुर मात्र नाही. बकुळाबाई वर गेल्या नाहीत. त्या खाली उभ्या राहून सुताकडे बघत होत्या. तुळई थरथरली. सुताला टेकली नाही.

ओव्हरसियरने फटीत करंगळी घातली, काढली. "उतरा आता. घर पास झालं, पण माझे कान गेले."

दारात सीतारामपंत उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. बाई त्यांना एवढंच म्हणाल्या, "माळा धरून भाव."

"धरून," पंत म्हणाले.

मंजुरी हातात पडली, खरेदीखत झालं, एप्रिल संपायच्या आत गाळा ताब्यात आला. त्या गाळ्यालाही छोटा माळा होता. पैसे देण्याआधी बाईंनी मालकाला विचारलं, "परवानगीचा कागद दाखवा." तो कागद आता काचेच्या चौकटीत गणपतीशेजारी आहे, डब्यात नाही.

एक मेला महाराष्ट्र झाला. दादरभर दिवे लागले, पेढे वाटले गेले. बकुळाबाईंनी त्या दिवशी चक्कीचा पट्टा चढवला. पहिलं दळण गंगुबाईंचं, रोखीने.

घराच्या पैशात गाळा आला. गिरणीतून मिळालेल्या शेवटच्या पगारात चक्कीचे दोन दगड आले.