भाऊजींचा उजवा कौल

भाऊजी गेल्याचं कळलं तेव्हा मी लसूण सोलत होते. त्यांचा मुलगा माधव दारातूनच म्हणाला, "काकू, आबा गेले." हातातली कुडी पुरी सोलली, मगच उठले. या वयात बातमी कानातून पोटापर्यंत पोचायला वेळ लागतो...

माझे हे थोरले दीर पलटणीत पंडित होते. पलटणीला तंबूतलं का होईना, देऊळ असतं. तिथं आरती करायची, पोरांना धीर द्यायचा, मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायचं. पौडच्या पुढं आमच्या गावच्या देवळाची पूजा आमच्याच घरात. तेच ते सीमेवर करायला गेले. बासष्टचं युद्ध पेटलं तेव्हा मी नवी नवरी. सातवी पास, वेणीला रिबीन आणि शहाणपण नुसतं उतू चाललेलं. घरात सासूबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता आणि ही बया पाणवठ्यावर सांगत होती, "आमचे भाऊजी मंत्र म्हणतात अन् चिनी आंधळे होतात!" अशा सुनेला खरं तर दावणीलाच बांधायचं.

भाऊजी परतले ते पायाची बोटं बर्फात गमावून. मी हौसेनं ओवाळायला गेले, तर ताटाकडे न बघताच ते आत गेले. पुढच्याच आठवड्यात शेजारच्या वाडीची सोनाबाई देवळात आली, सोबत तिची सून तारा. सोनाबाईचा किसन भाऊजींच्याच पलटणीतला. घरी तार आली होती, बेपत्ता.

"पंडता, कौल लाव," सोनाबाई म्हणाली. "माजा किसन हाय का न्हाई, येवढं देवाला इचार."

कौल म्हणजे देवाच्या दोन अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी गळली तर होय, डावी गळली तर नाही. भाऊजी म्हणाले, "मी लावत नाही आता." मी मध्येच तोंड घातलं, "लावा की भाऊजी! फुलं आणू?" आणि पळालेसुद्धा.

परत आले तर तारा बाहेर पायरीवर बसलेली आणि भाऊजी खांबाला डोकं टेकून बोलत होते.

"सोनाबाई, तिथंही कौल लावला मी. साहेब म्हणाले, पोरं खचलीत, उजवाच पडला पाहिजे. मी पाडला. देव म्हणतो इथंच उभे राहा, असं सांगितलं पोरांना. संध्याकाळी साहेब जीपमध्ये बसून खाली निघून गेले. पहाटे चिनी आले..."

"आन् किसन?"

"मी पळत होतो, तेव्हा दिसला. दगडाआड पडलेला, पोट फाटलेलं. पाणी मागत होता. मी थांबलो नाही."

मला वाटलं, ही आता त्यांचे डोळे ओरबाडणार. तिनं पदरानं तोंड पुसलं. मला म्हणाली, "पोरी, फुलं हितं ठिव." मग हळूच त्यांना, "साह्यबासाठी खोटा दिलास न्हवं? आता माज्यासाठी दे. सून पोटुशी हाय. आज कुकू पुसलं तर इहिरीत उडी घ्यील ती. बलीव तिला."

ताराला आत बोलावलं. उजवी गळली. पोरगी हसली. तसं हसू देवानं वैऱ्यालाही दाखवू नये.

सोनाबाई ताराला खरं न सांगताच मेली. ताराला मुलगा झाला, त्याचं लग्न झालं, नातवंडं झाली आणि ती दरवर्षी दिवाळीआधी कौलाला येत राहिली. दरवर्षी भाऊजी उजवा देत राहिले. एकदा मी म्हटलं, "आता तरी खरं सांगा की हो तिला." तर म्हणाले, "साहेबांना सरकारनं पेन्शन दिली, माझी पेन्शन हा कौल. मरेपर्यंत चालायची."

गेल्या आठवड्यात तारा आली, भाऊजींच्या माघारी पहिल्यांदाच. डोकं पांढरंफेक, कपाळावर तेवढंच मोठं कुंकू. माधवला कोणी काही सांगितलेलं नाही, त्यानं सरळ मनानं पाकळ्या लावल्या. डावी गळली.

तारानं खाली पडलेली पाकळी उचलली. मग माधवला म्हणाली, "परत लाव. डावी अशी लावत्यात व्हय, मुडद्या? तुजा बा ती चांगली निथळती भिजवायचा, म्हंजी चिकटून ऱ्हायाची."

माधवनं माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.