जेवणाचं गाणं

माझ्या दाजींसारखा माणूस अख्ख्या अंबड तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि झाला नाही तेच बरं. एक होता तेवढाच आमच्या आक्काला पुरून उरला. दाजी म्हणजे मच्छिंद्र तारख, माझ्या द्वारकाआक्काचे मालक. वडीगोद्रीला पाच एकर कोरडवाहू रान, शिवाय लाऊडस्पीकरचा धंदा. दोन कर्णे, एक अँप्लिफायर, रेकॉर्ड लावायची मशीन आणि बॅटरी. लग्न असो, बारसं असो, लिंबाच्या झाडावर कर्णा बांधायचा आणि उजाडल्यापासून रेकॉर्डी चालू. मी त्यांचा मेहुणा, सर्जेराव. वडीगोद्रीच्या फाट्यावर माझं चहा-भज्यांचं हॉटेल. दाजींची टिंगल करायचा मेहुण्याला हक्कच असतो, तेव्हा मी काही हातचं राखून सांगणार नाही.

एक्याऐंशी साली दाजी नव्या रेकॉर्डी आणायला जालन्याला गेल्ते. दुकानदारानं सिनेमाच्या दहा रेकॉर्डींवर एक फुकट दिली, कारण ती खपतच नव्हती. कव्हरावर एक दाढीवाला माणूस, नांगरलेल्या रानात गिटार घेऊन बसलेला. नाव श्रीपती उंबरकर, रेकॉर्डीचं नाव ‘ढेकळांची गाणी’. हा गडी मुंबईला कुठल्याशा कचेरीत नोकरी करायचा आणि गाणी स्वतःच लिहायचा. चाली जात्यावरच्या, वाजवायला मात्र गिटार, ड्रम आणि मधूनच हलगी. असलं आमच्याकडं कुणाच्या बापानं ऐकलं नव्हतं.

दाजींनी घरी येऊन ती लावली आणि खलास! जेवायचं सोडून चार वेळा ऐकली. मंग दाढी वाढवली. आक्का म्हणाली, “घरात कुणाचं सुतक हाय का?” तिसऱ्या दिवशी दाढी गेली, वेड मात्र मुक्कामाला राहिलं.

त्यात एक गाणं होतं, ‘चौथी भाकर’. बहात्तरच्या दुष्काळातलं. आई दिवसभर खडी फोडून येते. पीठ तीन भाकरींचं, लेकरं तीन. लेकरं विचारतात, आई, तुझी कुठंय? ती म्हणते, माझी चौथी होती, मी मघाशीच खाल्ली. आणि मंग धृपद येतं:

तीन भाकरी टोपल्यात,
चौथी कुणी पाहिली?

आम्ही बहात्तरच्या दुष्काळी कामावरची सरकारी सुकडी खाल्लेली माणसं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गलबलून आलं. मी म्हणालो, “दाजी, काय लिहिलंय हो यानं!”

दाजी म्हणाले, “शब्दाचं सोड रे. खालून हलगी कशी येऊन राह्यली ते बघ. कर्ण्यातून आवाज बिलकुल फाटत न्हाई.”

आता हे गाणं लग्नात लावायचं कधी? नवरीच्या बापानं नीट ऐकलं तर कर्ण्यासकट हाकलून देईल. दाजींनी डोकं लढवलं. पंगत बसली की कुणाचं गाण्याकडं ध्यान नसतं, तेव्हा हळूच लावून द्यायचं. झालं भलतंच. भाकर आणि टोपलं एवढे दोनच शब्द लोकांच्या कानात शिरले. दोन लग्नसराया सरल्या न सरल्या, तोच कर्ण्यावर ‘तीन भाकरी’ आलं की वऱ्हाड तांब्या उचलून पंगतीकडं पळायला लागलं. वाढपी बोंबलायचे, “अरे, भात शिजायचाय अजून, गाणं कुणी लावलं?” शहागडपासून अंबडपर्यंत त्याला नावच पडलं, जेवणाचं गाणं. शेवटची पंगत उठेस्तोवर ते बंद करायचं नाही, असा रिवाजच होऊन बसला.

एका रेकॉर्डीनं सोसावं तरी किती? सुई घासून घासून दोन महिन्यांत ती फुटाण्याच्या कढईसारखी तडतडायची. मंग दाजी जालन्याला, नवी आणायला. जुनी टाकायची बात नाही. प्रत्येक कव्हरावर शाईनं लिहायचं, “कारभारी डुकरे यांच्या मुलीचं लग्न, तिसऱ्या पंगतीला ओरखडा.” असं लिहून ती ट्रंकेत. ट्रंक आक्काच्या लग्नातली. तिची लुगडी दोरीवर आली. पंच्याऐंशीला उंबरकरांची दुसरी रेकॉर्ड निघाली, तिच्याही पाच आणल्या. एकोणनव्वदपर्यंत ट्रंकेत एकसष्ट रेकॉर्डी झाल्या, आणि त्यातल्या एकीवरही धड गाणं वाजत नव्हतं.

त्या वर्षी चैत्रात उंबरकरांचं पत्र आलं. दुकानदारानं दाजींचा पत्ता दिला होता. माझ्या हॉटेलात मीच ते वाचून दाखवलं. लिहिलं होतं, “माझ्या रेकॉर्डी मुंबई-पुण्यापेक्षा जालना जिल्ह्यात जास्त खपतात असे कंपनीने कळवले आहे. आपण तिथल्या माझ्या चाहत्यांचे प्रमुख आहात असे समजले. माझी गाणी ऐकणारे खरोखर कोणी आहेत का, एवढे एकदा डोळ्यांनी पाहायचे आहे. नसतील तर गिटार माळ्यावर टाकून नोकरी पुरी करीन.”

चाहत्यांचे प्रमुख! मला हसू आवरेना. मी म्हणालो, “दाजी, प्रमुख तुम्ही, आणि बाकीचे चाहते कुठं हायेत?”

दाजी हसले नाहीत. त्यांचं तोंड उतरलं होतं. म्हणाले, “सर्जेराव, त्या माणसाचं गाणं बंद पडलं तर मी कशासाठी जालन्याला जाऊ? आन् आठ वर्षं कर्ण्यातून ऐकलंय. एकदा त्याच्या तोंडातून ऐकू दे मला, समोर बसून.” मंग मीच कागद घेऊन उंबरकरांना ‘या’ म्हणून कळवलं.

वैशाखातला दिवस ठरला, शाळेच्या मैदानावर, उन्हं कलल्यावर. दाजींनी जीप केली, वर कर्णा बांधला आणि चार दिवस गावोगाव फिरले. “या, या, वडीगोद्रीला मोठा कार्यक्रम!” एवढं ओरडायचं आणि रेकॉर्ड लावायची. कोणती रेकॉर्ड? अहो, त्यांची लाडकी. जेवणाचं गाणं वाजवत एक माणूस चार दिवस गावोगाव फिरला, आणि त्याला वाटलं आपण गाण्याची जाहिरात करून राह्यलो!

मला कळलं ते कार्यक्रमाच्या दिवशी. मैदानावर तीनेकशे माणूस जमलेलं, आणि जो येईल त्याच्या हातात ताट-तांब्या. उंबरकर पांढऱ्या झब्ब्यात, दाढी पिकलेली, गर्दी पाहून त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मला विचारलं, “हे तांबे कशाला?”

मी म्हणालो, “उन्हाळा हाय ना साहेब. माणसं पाणी संगं ठिवत्यात.” ताटांचं त्यांनी विचारलं नाही, देव पावला.

त्यांनी आधी नवी दोन गाणी म्हटली. लोक जांभया देत एकमेकांकडं बघू लागले. दाजी पुढं अगदी समोर बसलेले, हात जोडल्यासारखे. तिसऱ्यांदा गिटारीवर ती ओळखीची चाल उमटली. ‘तीन भाकरी टोपल्यात’ म्हणेपर्यंत अख्खं मैदान उठलं, सरसर समोरासमोर ओळी झाल्या, मांड्या घातल्या, ताटं पुढ्यात. काकासाहेब पाटील, गावातले सगळ्यात वडीलधारे, पहिल्या ओळीतून हात वर करून म्हणाले, “मच्छिंद्र, वाढायला घे.”

दाजी पांढरेफटक पडले. मला बाजूला ओढून म्हणाले, “जेवण घाल.”

“डोकं फिरलं का दाजी? तीनशे माणसं!”

“हे उठले तर त्या माणसाचं गाणं बंद. बसून राह्यले पाहिजेत. तुझ्या हॉटेलात बेसन हाय का न्हाई?”

होतं. एक पोतं होतं, आठ दिवसांच्या भज्यांचं. गेलं सगळं पिठल्यात. आक्कानं शाळेमागं तीन दगडांच्या चुली मांडल्या आणि बायांना घरोघर पिटाळलं. घरटी चार भाकरी, ज्याच्या टोपल्यात असतील त्या. मी वाढायला धावलो. आणि दाजी, आठ वर्षं वाट पाहिलेले दाजी, चुलीपाशी उभं राहून पिठलं घोटत होते. समोर उंबरकर गात होते आणि दाजी शाळेमागून ते आपल्याच कर्ण्यातून ऐकत होते. मला त्या घडीला त्यांची टिंगल करावीशी वाटली नाही. रडू आलं.

गाणं संपलं की लोक ओरडायचे, “चालू ठेवा!” उंबरकरांना वाटलं, काय ही माया! सतरा वेळा म्हटलं त्यांनी, घसा बसेपर्यंत. शेवटची पंगत उठली, लोकांनी तांबे विसळले आणि “कार्यक्रम झ्याक झाला” म्हणत वाटेला लागले.

मंग आम्ही शाळेच्या ओट्यावर बसलो. उंबरकर, दाजी आणि मी. आक्का वाढत होती. दाजींचे डोळे धुरानं लाल, कोपरापर्यंत बेसन.

उंबरकर हळू आवाजात म्हणाले, “मच्छिंद्रराव, मला कळलं सगळं. ही माणसं जेवायला आली होती. आणि रेकॉर्डी तुम्ही एकट्यानंच घेतल्या, हो ना?”

दाजींनी मान खाली घातली. “सुई लई घासती, साहेब,” एवढंच म्हणाले.

“म्हणजे ऐकणारा एक आहे,” उंबरकर म्हणाले आणि हसले. चांगलं, मोकळं हसले. मंग आक्काला म्हणाले, “वहिनी, तुम्हीही बसा आता.”

आक्कानं टोपल्यातल्या तीन भाकरी आमच्या तीन ताटांत घातल्या, टोपलं पालथं केलं आणि म्हणाली, “बसा तुम्ही. मी मघाशीच खाल्ली.”

उंबरकरांचा घास हातातच राहिला. ते आक्काकडं बघत राहिले, मंग माझ्याकडं. मी मान फिरवली. त्यांनी भाकर मोडली, अर्धी आक्कापुढं सरकवली. ती “नको नको” करत पदर सावरून आत निघून गेली.

दाजी जेवत होते. भूक लागली होती त्यांना. उंबरकरांनी विचारलं, “हे गाणं तुम्ही किती वेळा ऐकलं असेल?”

दाजी अभिमानानं म्हणाले, “हजारावर तर बराबर झालं असंल.”

गिटार माळ्यावर गेली नाही. एक्क्याण्णवला उंबरकरांची तिसऱ्या खेपेची गाणी निघाली, कॅसेटवर. आतल्या कागदावर छापलं होतं, “वडीगोद्रीच्या द्वारकाबाईंना, ज्या मघाशीच जेवल्या.” दाजी महिनाभर फुगून बसले. “जीप मी फिरवली, पिठलं मी घोटलं, आन् नाव हिचं?” तरी वीस कॅसेटी आणल्या. आक्काला मी तो कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, “अगं बाई, लोकांचं काय तरीच,” आणि निवडायला तांदूळ घेतले.

पुढं मोठमोठे डीजे आले, कर्णे गंजले, धंदा बसला. दोन हजार चार साली मी दाजींची जुनी मशीन अंबडला दुरुस्त करून आणली, म्हातारपणी करमणूक म्हणून. माझ्याकडं ‘ढेकळांची गाणी’ची एक कोरी रेकॉर्ड राहिली होती, दाजींनीच आणलेली पण लग्नसराईला न लागलेली. दुपारी दाजींनी ती लावली आणि खाटेवर टेकले. पंगत नाही, कर्णा नाही, आवाज फाटतो का बघायचं काम नाही. जेवणाचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजलं. दाजींनी सुई उचलली नाही, रेकॉर्ड तशीच फिरत राहिली.

मंग ते म्हणाले, “सर्जेराव, त्या दिवशी टोपल्यात तीनच भाकरी होत्या ना रे?”

मी म्हणालो, “हो दाजी.”

ते उठले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. आक्का भाकरी थापत होती. दाजी म्हणाले, “द्वारका, खरं सांग. त्या दिवशी तू जेवली न्हवती ना?”

आक्कानं तव्यावरची भाकर उलटली, त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “कोणत्या दिवशीचं इचारून राह्यले?”