थेंबताई एम.एस्सी. होतात

जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे थेंबताई म्हणत. बुरेटच्या काचनळीतून थेंब थेंब सोडताना त्या इतक्या तल्लीन व्हायच्या, की शेजारी कुणी फोनवर बायकोशी कडाकडा भांडलं तरी त्यांना पत्ता नसायचा. रंग पालटला की तोटी बंद. एक थेंब इकडचा तिकडे होत नसे. बी.एस्सी. करून त्या इथे लागल्या त्याला एकोणीस वर्षं झाली होती. आलेल्या पाण्याचा गढूळपणा मोजायचा, तुरटी किती घालायची ते काढायचं, बाहेर जाणाऱ्या पाण्यातलं क्लोरीन तपासायचं. हे सगळं करायचं त्यांनी आणि खाली सही करायची मुख्य रसायनज्ञांनी.

मुख्य रसायनज्ञ माणूस सरळ होता. एके दिवशी सही करता करता ते म्हणाले, "चार वर्षांनी मी निवृत्त होणार. या खुर्चीवर तुम्ही बसावं असं मला वाटतं. पण नियमात एम.एस्सी. लिहिलंय, त्याला मी काय करू?"

थेंबताईंनी ते हसण्यावारी नेलं खरं, पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नव्हतं. बारावीतल्या मुलीनं लगेच फोनवर एक विद्यापीठ शोधून काढलं. रसायनशास्त्राची एम.एस्सी., ऑनलाइन. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : आपल्या सवडीने शिका.

"सवडीनं?" शाळेची बस चालवणारे त्यांचे यजमान म्हणाले, "कुठे मिळते ती? मिळाली तर मलाही आण थोडी."

बारीक अक्षरांतल्या अटी मुलीनं वाचून दाखवल्या. बी.एस्सी.ला किमान पन्नास टक्के हवेत. थेंबताईंना सत्तावन्न होते. गणित दोन वर्षं झालेलं हवं. त्यांनी ते पहिल्या वर्षानंतर आनंदानं सोडलं होतं. म्हणजे आधी चार महिन्यांचा गणिताचा पूरक अभ्यासक्रम. दोन शिफारसपत्रं, त्यांतलं एक जुन्या प्राध्यापकाचं. घरून कॅमेऱ्यासमोर परीक्षा. एकदा पंधरा दिवस विद्यापीठात येऊन प्रत्यक्ष प्रयोग. आणि सगळं पाच वर्षांच्या आत.

मुख्य रसायनज्ञ साहेबांनी आपलं पत्र दुसऱ्याच दिवशी दिलं. जुन्या सरांचा पत्ता शोधायला मात्र तीन आठवडे लागले. ते एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहत होते आणि बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांनी थेंबताईंकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. तुम्ही मला आठवत नाही, म्हणाले. मी तिसऱ्या बाकावर बसायचे, असं थेंबताईंनी सांगून पाहिलं. त्यावर सर म्हणाले, "तिसऱ्या बाकावर तीस वर्षं कुणी ना कुणी बसतच होतं."

थेंबताई उठायला लागल्या, तेव्हा सरांनी सहज विचारलं, की सध्या काय करता. मग विषय निघाला तुरटीचा. पुराचं गढूळ पाणी आलं तेव्हा तुरटी वाढवत नेली तरी पाणी निवळेना, उलट बिघडतच गेलं, हे त्यांनी सांगितलं. जास्तीच्या तुरटीनं पाणी आम्लधर्मी होत होतं, मग गाळाचे पुंजके कुठून धरणार? शेवटी त्यांनी थोडा चुना घालून पाहिला आणि अर्ध्या तासात तळाशी गाळ बसला. सर झारी हातात तशीच धरून ऐकत राहिले. मध्येमध्ये प्रश्न विचारत होते. तास कसा गेला कळलं नाही.

पत्रात त्यांनी लिहिलं : "ही विद्यार्थिनी मला आठवत नाही. आज तासभर तिनं मला शिकवलं, ते मात्र आठवणीत राहील." प्रवेश मिळाला.

आता गणित. शिकवायला घरातच मास्तरीण होती. आपल्या पुस्तकांचा ढीग बाजूला सारून मुलगी रोज अर्धा तास आईला कलन शिकवायची. "आई, हे तुला कालच सांगितलं होतं ना? लक्ष कुठे असतं तुझं?" तो सूर तिनं कुठून उचलला, हे थेंबताईंना चांगलंच ठाऊक होतं. त्या मुकाट्यानं गणित पुन्हा सोडवायला घ्यायच्या.

सवडीचं कोडंही हळूहळू सुटलं. व्याख्यानं केव्हाही ऐकता यायची; प्रयोगशाळेतल्या भांड्यांत गाळ बसायला अर्धा तास लागायचा, तेवढ्यात एक व्हायचं. स्वाध्याय मात्र रविवारी संध्याकाळी सहाच्या आत पोचायला हवा, तिथे गयावया चालत नसे. दुसऱ्या वर्षी बसच्या पायरीवरून घसरून यजमानांचा पाय मोडला, तेव्हा एक अर्ज भरून थेंबताईंनी आख्खं सत्र सोडलं आणि पुढच्या सत्रात जिथे थांबल्या होत्या तिथून सुरुवात केली. पुंजरसायनात, म्हणजे क्वांटमच्या पेपरात, त्या एकदा नापास झाल्या. पुन्हा बसल्या, काठावर सुटल्या.

सगळ्यात मोठा घोळ घातला सासऱ्यांनी. कॅमेऱ्यावरच्या परीक्षेला खोलीत दुसरं कुणी चालत नाही, हे त्यांना दहादा सांगितलं होतं. तरी ऐन परीक्षेत ते काठी टेकत आत आले, सुनेच्या खांद्यावरून वाकले आणि पडद्यावरचा प्रश्न मोठ्यानं वाचून म्हणाले, "सूनबाई, हे येतं का तुला?"

पेपर रद्द झाला. थेंबताईंनी दोन दिवस पुस्तक उघडलं नाही. सासरे तर पार खजील. टपालखात्यात जन्म गेलेला माणूस. त्यांनी विद्यापीठाला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, की मी निवृत्त टपाल कर्मचारी असून रसायनशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही, सबब माझ्याकडून मदत होणं अशक्य आहे. विद्यापीठानं फेरपरीक्षा दिली. त्या दिवशी सासरे दाराबाहेर खुर्ची टाकून तीन तास बसले. पोटच्या मुलालाही त्यांनी आत सोडलं नाही. थेंबताईंना एकसष्ट मार्क पडले.

मग प्रयोगांचे पंधरा दिवस आले. भोवती सगळी पोरं मुलीच्या वयाची आणि टेबलावर संगणक जोडलेली नवी यंत्रं. पहिल्याच दिवशी थेंबताईंनी भलतंच बटण दाबलं आणि गटाचे सगळे नमुने वाया गेले. पोरांनी नमुने पुन्हा करायला घेतले, तेच जास्त लागलं. वसतिगृहात येऊन त्यांनी घरी फोन लावला आणि मी परत येते म्हणाल्या.

यजमान म्हणाले, "बस अर्ध्या वाटेत उभी करून मी कधी मुलांना चालत जा म्हटलं नाही. ये ना, जरूर ये. पंधराव्या दिवशी ये."

दुसऱ्या दिवशी गटातल्या एका मुलीनं त्यांना यंत्र शिकवलं, वहीत चित्र काढून. चौथ्या दिवशी हातानं करायचे प्रयोग लागले. पोरांचे रंग भडक व्हायचे, थेंबताईंचा जेमतेम फिका गुलाबी, हवा तेवढाच. मग पोरं त्यांच्या टेबलाभोवती जमली. तोटीवर बोटं कशी ठेवायची, श्वास कधी धरायचा, हे त्यांनी एकेकाचा हात धरून दाखवलं.

साहेबांच्या निरोपसमारंभाच्या तीन आठवडे आधी पदवी हातात आली. मुलाखतीला तिघेजण होते. त्यांतले एक कागद उलटत म्हणाले, "म्हणजे ही घरबसल्या मिळवलेली पदवी."

"घरी बसले असते तर मिळाली नसती," थेंबताई म्हणाल्या.

बाकीचे दोघे हसले. पुढचा अर्धा तास प्रश्न फक्त पाण्याचेच आले. आठवड्यानं नेमणुकीचं पत्र मिळालं. सासऱ्यांनी त्यावरचा टपालाचा शिक्का आधी तपासला आणि मग पत्र वाचलं.

नव्या खोलीतल्या पहिल्याच सकाळी फोन वाजला. एका बाईंच्या नळाच्या पाण्याला औषधासारखा वास येत होता. थेंबताईंनी कुठली गल्ली, टाकी केव्हा धुतली, शेजाऱ्यांकडेही येतो का, सगळं विचारून घेतलं. माणूस पाठवते म्हणून त्या घंटीकडे हात नेणार होत्या, पण थांबल्या. नळ सोडू नका, मीच येते, असं सांगून त्यांनी कपाटातून नमुन्याच्या दोन बाटल्या काढल्या, पिशवीत टाकल्या आणि जिना उतरायला लागल्या.