फणसाखालचं गाऱ्हाणं

मजुरीला आलो त्या बेटावर, सूयाक गावाजवळच्या उसाच्या कोठीवर, म्हणजे गोऱ्या मालकाच्या मळ्यावर, आम्ही रविवारची बैठक सुरू केली, ती माझ्या बायकोच्या टोमण्यामुळे. "सुट्टीच्या दुपारी दारू पिऊन एकमेकांची उणीदुणी काढता, त्यापेक्षा स्वतःची काढा की!" म्हणाली. मला झोंबलं. बोलली होती खरं तेच, म्हणून जास्तच झोंबलं.

माझं उणं अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं: तोंड. वर्षापूर्वी माझा कोयता हरवला, तेव्हा मी माझ्या जहाजभावाला चारचौघांत चोर म्हटलं. एकाच जहाजातून आलो होतो आम्ही. वाटेत मी तापाने फणफणलो, तेव्हा स्वतःच्या वाटणीचं पाणी त्याने मला पाजलं होतं. पुढे छप्पर शाकारताना कोयता माझ्याच गवतात सापडला. पण कबूल करायला जीभ रेटेना. तो शेजारच्याच खोपटात राहायचा आणि मला बघून मान फिरवायचा. फार जड जायचं ते.

पहिल्या रविवारी फणसाखाली पंधराएक जण जमले. तोही आला, पार मागे बसला. नियम एकच: आपली एक खोड सांगायची, इतरांनी उपाय सुचवायचा. पण सभेत बोलायचं कसं, हे कुणाच्या बापाला माहीत! आम्हाला ठाऊक होतं ते गावच्या देवळातलं गाऱ्हाणं. एकाने देवापुढे मागणं मागायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला ‘होय महाराजा’ म्हणायचं. मी हात जोडून त्याच सुरात सुरू झालो.

"मी तोंडाचा फटकळ आहे..."

"होय महाराजा!" सगळे गरजले.

"राग आला की मला आगापिछा दिसत नाही..."

"होय महाराजा!"

अरे, सवयीने म्हणताय की मनापासून? माझं डोकंच सणकलं. "गप्प बसा, गाढवांनो!" मी ओरडलो.

"होय महाराजा!"

मग काय हशा पिकला! बायका खोपटांतून धावत आल्या. मीही पोट धरून हसलो. इतका आनंद त्या बेटावर आल्यापासून झाला नव्हता. आणि हसता हसताच जीभ मोकळी झाली.

"कोयता माझ्याच छपरात होता," मी म्हणालो. "मी उगाच माझ्या भावाला चोर म्हटलं. माझं चुकलं."

सगळे मागे वळून त्याच्याकडे बघायला लागले. तो उठला, धोतर सावरलं, सावकाश हात जोडले, आणि डोळे पुसत एकटाच ओरडला, "होय महाराजा!"